तंबाखूची डबी आणि अंडी वाढवणारी पूड: जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांची पानं घरबसल्या चाळता यायला लागली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत तेच ते प्रश्न येतात. कोणी पणजोबांच्या गावाचा पेपर शोधत असतं, कोणी कोंबड्या पाळतं, कोणाला जुन्या डब्यांचा नाद असतो. सगळ्यांना एकाच ठिकाणी उत्तर मिळावं म्हणून हे प्रश्न क्रमांक देऊन लावले आहेत. एकच गोष्ट पुन्हा लिहावी लागू नये म्हणून उत्तरांत दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. या जाहिराती साधारण कुठल्या काळातल्या आहेत?

माझा सगळा भर १८८० ते १९३० या काळावर आहे. तंबाखूची जाहिरात त्याहून पुष्कळ जुनी आहे. न्यूयॉर्कच्या लोरिलार्ड घराण्याची पाइप ओढणाऱ्या आदिवासी पुरुषाचं चित्र असलेली जाहिरात १७८९ ची आहे. पण तंबाखू आणि कोंबड्यांचं टॉनिक शेजारी शेजारी दिसतात ते या पन्नास वर्षांत, आणि तेही मुख्यतः लहान गावांच्या साप्ताहिकांत.

२. तंबाखू आणि कोंबड्यांचं औषध एकाच पानावर का? त्यांचा एकमेकांशी काय संबंध?

दोन्ही वस्तू एकाच घरात जात होत्या. अमेरिकी शेतघरात पिकाचा पैसा पुरुषाच्या हातात असे आणि अंड्यांचा पैसा बाईच्या. बाई आठवड्याची अंडी टोपलीत भरून गावच्या दुकानात नेई आणि त्या बदल्यात साखर, कापड, कॉफी घेऊन येई. पाइपची तंबाखू त्याच फळीवरून उतरे आणि अंडी वाढवणारी पूडही त्याच फळीवरून. जाहिरातदारानं पानाची एक बाजू नवऱ्यासाठी घेतली आणि दुसरी बायकोसाठी.

दुसरं कारण छपाईचं आहे. लहान साप्ताहिकाकडे चारही पानं जुळवण्याइतके खिळे (छपाईची धातूची अक्षरं) आणि माणसं नसत. असा संपादक एका बाजूनं आधीच छापलेला कागद विकत आणी. गोष्टी, घरगुती सल्ले, जाहिराती सगळं तयार, आणि कोऱ्या बाजूवर तो गावच्या बातम्या छापी. शिकागोच्या ए. एन. केलॉगनं हा धंदा १८६५ मध्ये सुरू केला आणि पुढे वेस्टर्न न्यूजपेपर युनियन ही त्यातली सर्वांत मोठी कंपनी झाली. म्हणून आयोवातल्या आणि टेक्सासमधल्या पेपरांत एकाच आठवड्यात एकच पान सापडलं तर चकित होऊ नका. त्यातली जाहिरात तुमच्या गावच्या दुकानदारानं दिलेली नसते. ती शेकडो गावांसाठी एकदम विकत घेतलेली असते.

३. 'पोल्ट्री टॉनिक', 'रेग्युलेटर', 'कंडिशन पावडर' ही वेगवेगळी औषधं आहेत का?

नावं वेगळी, वस्तू जवळपास एकच: खाद्यात मिसळून द्यायची पूड. सतत दिसणारी नावं सांगतो.

बोस्टनच्या आय. एस. जॉन्सन कंपनीची 'शेरिडन्स कंडिशन पावडर' १८८० आणि १८९० च्या दशकांत पानोपानी आहे. पुडा २५ सेंट, पाच पुडे एक डॉलर. ओहायोतल्या ॲशलंडचे 'डॉ. हेस अँड क्लार्क' आपल्या 'पोल्ट्री पॅन-अ-से-आ'सोबत उवा मारायची पूड आणि गुरांचं टॉनिकही विकत. फिलाडेल्फियाच्या प्रॅट कंपनीचं 'पोल्ट्री रेग्युलेटर', ओमाहाच्या जॉर्ज एच. ली कंपनीचं 'एग मेकर' आणि 'जर्मोझोन' ही आणखी काही. इंडियानापोलिसचं 'डॉन संग' तर 'अंडी घालण्यासाठीचा चिनी शब्द' म्हणून खपवलं गेलं.

मिनियापोलिसच्या 'इंटरनॅशनल स्टॉक फूड'चा मालक एम. डब्ल्यू. सॅव्हेज यानं १९०२ मध्ये डॅन पॅच नावाचा शर्यतीचा घोडा ६०,००० डॉलरना घेतला आणि त्याचं चित्र आपल्या जाहिरातींत जिथं तिथं लावलं. एक सेंटात तीन वेळचा खुराक, हे त्याचं घोषवाक्य.

इंग्लंडमध्येही हाच बाजार होता. तिथल्या 'कार्सवुड पोल्ट्री स्पाइस'मध्ये चक्क दळलेले किडे असत आणि जाहिरातीत ते अभिमानानं छापत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पेपरांतही ती भेटते.

४. या पुडीत असायचं काय?

बरंचसं आपल्या मसाल्याच्या डब्यातलं. मेथी, सुंठ, लाल मिरची, जेन्शनचं कडू मूळ, मीठ, कोळसा, लोहाचं सल्फेट, कधी हाडांचा चुरा किंवा शिंपल्यांची पूड. वजन भरायला कोंडा किंवा जवसाची पेंड. मेथीच्या वासानं गिऱ्हाइकाला 'औषध आहे' असं वाटे. मिरचीनं कोंबडी गरम राहते, म्हणून थंडीत अंडी देते, असा समज होता. काही पुड्यांत कुचल्याचंही नाव येतं, आणि ते मात्र विष आहे.

कृषी प्रयोग केंद्रांनी अशा पुड्यांचं पृथक्करण करून वारंवार एकच गोष्ट दाखवली: यातलं बहुतेक सगळं शेतकऱ्याला गावात कितीतरी स्वस्त मिळतं.

५. पण त्यानं अंडी खरंच वाढायची का? माझ्या आजेसासूबाई शपथेवर सांगायच्या की वाढायची.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मला सगळ्यांत जवळचाही आहे, म्हणून नीट उत्तर देतो. तुमच्या आजेसासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं.

कोंबडीचं अंडं देणं दिवसाच्या लांबीवर चालतं. उन्हाळा सरला की दिवस लहान होतात, पिसं झडतात आणि अंडी जवळपास थांबतात. डिसेंबरच्या अखेरीनंतर दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो आणि जानेवारीअखेर, फेब्रुवारीत कोंबड्या आपसूक अंड्यावर येतात. मार्च-एप्रिलमध्ये तर टोपल्या भरतात. त्या वर्षीच्या तलंगाही (अजून अंडी न दिलेल्या तरुण कोंबड्या) याच सुमारास पहिली अंडी देऊ लागतात.

आता जाहिरातींच्या तारखा पाहा. पुडीच्या जाहिराती ऑक्टोबरपासून दाट होतात आणि मार्चनंतर विरळ. हिवाळ्यात अंडं महाग, म्हणून बाई तेव्हाच काळजीत. ती डिसेंबरात पूड आणते, रोज खाद्यात घालते आणि सहा आठवड्यांत अंडी सुरू होतात. पूड न घालताही तेव्हाच सुरू झाली असती. पण पूड न घातलेला वेगळा कळप तिच्याकडे नव्हता, मग तिला कळणार कसं?

याची ठसठशीत साक्ष कॅन्सस सिटीच्या ई. जे. रीफर यांच्या 'मोअर एग्ज' टॉनिकच्या जाहिरातीत मिळते. मथळा असे: '२९ कोंबड्यांपासून १२०० अंडी'. खाली मिशिगनच्या एका गिऱ्हाइकाचं पत्र: टॉनिक आणलं तेव्हा रोज पाच-सहा अंडी मिळत होती, एक एप्रिलपर्यंत बाराशेवर गेली. छापलेल्या पत्रात औषध कधी सुरू केलं ती तारीख नाही. रोजची सरासरी चौदा अंडी धरली, तर बाराशे अंड्यांना साधारण ८६ दिवस लागतात. एक एप्रिलपासून मागे मोजत गेलात की जानेवारीचा पहिला आठवडा येतो. दिवस मोठा होऊ लागतो तो नेमका तेव्हाच. २९ कोंबड्यांनी त्या तीन महिन्यांत सरासरी चौदा अंडी देणं यात विशेष काही नाही.

वेगळा कळप ठेवून मोजणारेही होते. मॅसॅच्युसेट्सच्या कृषी प्रयोग केंद्रानं १८९० च्या दशकात सारख्या कळपांपैकी एकाला पूड घालून आणि दुसऱ्याला न घालता अंडी मोजली. पुडीचा फायदा दिसला नाही.

एक गोष्ट कंपन्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. पुडीसोबत येणाऱ्या फुकट पुस्तिकांत बरेचदा शहाणा सल्ला असे. खुराडं कोरडं ठेवा, मांसाचे तुकडे किंवा ताक द्या, शिंपल्यांची पूड आणि खडे ठेवा, उवा मारा. तेव्हाच्या कोंबड्यांना मक्याशिवाय फारसं काही मिळत नसे, त्यामुळे मांस आणि ताक यांनी अंडी खरोखर वाढत. ज्या बाईनं पुस्तिका वाचून सगळं केलं, तिची अंडी वाढली आणि तिनं श्रेय पुडीला दिलं.

६. मग खात्रीशीर उपाय तेव्हा कुणालाच माहीत नव्हता?

हळूहळू कळत गेला. १९२० च्या आसपास खुराड्यात सकाळ-संध्याकाळ दिवा लावून दिवस लांबवण्याची पद्धत पसरली, आणि हिवाळ्यात अंडी मिळू लागली. त्याच दशकात 'ड' जीवनसत्त्व कळलं. काचेच्या खिडकीआड वाढलेल्या पिलांचे पाय लुळे पडत, ते कॉड माशाच्या तेलानं थांबलं. त्यानंतर जाहिरातींची भाषाही बदललेली दिसते: मसाल्याच्या पुड्या मागे पडतात आणि प्युरिनासारख्या कंपन्यांचं तयार मिश्रखाद्य पुढे येतं.

७. 'फरक न पडल्यास पैसे परत' असं छापून कंपनीचं दिवाळं कसं निघालं नाही?

कारण हिशेबच असा होता की फरक पडला की नाही हे ठरवणं अवघड. डॉ. हेसच्या जाहिरातीत म्हटलं आहे की तीस कोंबड्यांना दिवसाला एक सेंटाची पूड पुरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे १२० दिवस घातली तर खर्च १ डॉलर २० सेंट. हिवाळ्यात अंडं तीन सेंटला गेलं असं धरलं, तर चार महिन्यांत चाळीस अंडी जास्त मिळाली की खर्च निघाला. तीस कोंबड्यांत चाळीस अंडी म्हणजे प्रत्येकी एक आणि थोडं. रोजची नोंद न ठेवणाऱ्या घरात एवढा फरक कुणाला दिसणार? शिवाय पैसे परत मागायचे ते गावच्या ओळखीच्या दुकानदाराकडे, पाव डॉलरसाठी. आणि फेब्रुवारी उजाडला की अंडी येतच (प्रश्न ५).

८. सरकारनं हे चालू कसं दिलं?

१९०६ चा शुद्ध अन्न आणि औषध कायदा १ जानेवारी १९०७ पासून लागू झाला. त्यात औषधाची व्याख्या 'माणसांसाठी किंवा इतर प्राण्यांसाठी' अशी होती, म्हणजे कोंबडीचं औषधही त्यात आलं. पण कायद्याची नजर लेबलवर होती, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर नाही. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंही ठरवलं की लेबलवर घटक खोटे लिहिणं गुन्हा आहे, पण 'रोग बरा होतो' हा खोटा दावा त्यात बसत नाही. १९१२ च्या शर्ली दुरुस्तीनं दाव्यांनाही हात घातला, मात्र फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट घातली.

याचा परिणाम तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. एकाच वर्षाचा डबा आणि त्याच वर्षाची जाहिरात शेजारी ठेवा. डब्यावरची भाषा मवाळ असते, जाहिरातीतली धीट. औषधांच्या खोट्या जाहिरातींवर केंद्रीय व्यापार आयोगाला पक्का अधिकार मिळाला तो १९३८ च्या व्हीलर-ली कायद्यानं.

९. एक मजकूर बातमीसारखा दिसतो, पण शेवटी कोंबड्यांच्या औषधाचं नाव येतं. ही बातमी की जाहिरात?

जाहिरात. असा मजकूर बातमीच्याच खिळ्यांत जुळवून, बातम्यांच्या रांगेत छापत आणि त्याचा दर वेगळा असे. २४ ऑगस्ट १९१२ च्या टपाल कायद्यानं सवलतीच्या टपालदरावर जाणाऱ्या वर्तमानपत्रांना सक्ती केली की पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर तसं स्पष्ट लिहावं. म्हणून १९१२ नंतरच्या पानांत अशा मजकुराच्या टोकाला 'ॲडव्हर्टाइजमेंट' किंवा नुसतं 'ॲड्व्ह.' दिसतं. त्याआधीच्या पानांत अशी खूण बहुधा नसते, त्यामुळे स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी फार जपून राहावं. 'गावात अंड्यांचं उत्पादन दुप्पट' अशी ओळ बातमी समजून इतिहासात उतरवलेली मी पाहिली आहे.

१०. जाहिरातीत छापलेली गिऱ्हाइकांची पत्रं खरी असत का?

पुष्कळ पत्रं खऱ्या माणसांची होती. नाव-गाव छापलेलं असे, आणि लहान गावात खोटं नाव लगेच उघड झालं असतं. पण खरं पत्र म्हणजे खरा पुरावा नव्हे. ते प्रश्न ५ मध्ये आलंच. कंपनी हजार पत्रांतून एक निवडते, आणि ज्याच्या कोंबड्या मेल्या तो पत्र लिहीत नाही.

११. पिलांच्या 'पांढऱ्या हगवणी'वरच्या गोळ्यांच्या जाहिराती सारख्या दिसतात. त्या तरी लागू पडत होत्या का?

आयोवातल्या वॉटर्लू गावच्या वॉकर रेमेडी कंपनीच्या 'वॉको' गोळ्यांविषयी तुम्ही विचारता आहात. त्या पिण्याच्या पाण्यात विरघळवून द्यायच्या. या जाहिराती वाचताना मला वाईट वाटतं, कारण त्यातल्या बायकांचं दुःख खरं होतं. शेकड्यानं पिलं दोन-तीन आठवड्यांत मरत.

हा रोग एका जंतूमुळे होतो, हे येल विद्यापीठाचे लिओ रेटगर यांनी १९०० च्या सुमारास दाखवलं. तो आजारी कोंबडीच्या अंड्यातूनच पिलात उतरतो. म्हणजे पिलू कवचातून बाहेर येतं तेच रोग घेऊन. पाण्यात गोळी टाकून तो मुळातून जाणं शक्य नव्हतं. खरा उपाय निघाला तो कोंबड्यांचं रक्त तपासून रोगवाहक कोंबड्या कळपातून काढून टाकण्याचा, आणि १९३५ च्या राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा योजनेनं तो देशभर नेला.

१२. प्रिन्स अल्बर्ट तंबाखूच्या जाहिरातीत 'जीभ चावत नाही' असं का म्हणतात?

पाइपचा धूर गरम आणि तिखट असला की जिभेचा शेंडा पोळतो. ओढणारे त्यालाच 'तंबाखू चावते' म्हणत. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमच्या आर. जे. रेनॉल्ड्सनं १९०७ मध्ये प्रिन्स अल्बर्ट बाजारात आणली आणि चावा काढून टाकण्याची प्रक्रिया आपण शोधली असा दावा केला. डबीवर पेटंटची तारीख असे, ३० जुलै १९०७. पाच सेंटांची लाल पिशवी, दहा सेंटांची लाल डबी, आणि मोठ्या गिऱ्हाइकासाठी झाकणात ओला स्पंज बसवलेली काचेची बरणी, म्हणजे तंबाखू वाळू नये. चित्रातला गृहस्थ म्हणजे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड. राजा होण्याआधी त्याचं नाव अल्बर्ट एडवर्ड होतं, आणि घरात त्याला बर्टी म्हणत.

या जाहिरातींची बोली पाहण्यासारखी आहे. शेजारच्या बाकावरचा दोस्त खांद्यावर हात टाकून बोलतो आहे, अशी. पुडीच्या जाहिराती डॉक्टरच्या सुरात बोलतात, तंबाखूच्या मित्राच्या.

१३. १९१२-१३ नंतर तंबाखूच्या जाहिराती एकदम मोठ्या का होतात?

कारण त्याआधी स्पर्धाच फारशी नव्हती. जेम्स ड्यूकनं १८९० मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापून एकेक प्रतिस्पर्धी गिळला. बॉन्सॅकच्या यंत्रावर दिवसाला लाखाहून जास्त सिगारेटी वळल्या जात, त्या जोरावर. मे १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मक्तेदारी मोडली. अमेरिकन टोबॅको, लिगेट अँड मायर्स, लोरिलार्ड आणि रेनॉल्ड्स एकमेकांसमोर उभे राहिले आणि पेपरांची पानं भरली.

१९१३ मध्ये आलेल्या कॅमल सिगारेटची सुरुवात अभ्यासण्यासारखी आहे. आधी पेपरात फक्त उंट आणि एक शब्द, 'कॅमल्स'. मग 'उंट येत आहेत'. मग 'उद्या या गावात आशिया-आफ्रिकेत मिळून असतील त्याहून जास्त उंट असतील'. आणि शेवटी 'कॅमल सिगारेटी आल्या'. वीस सिगारेटींचं पाकीट दहा सेंट. पाकिटावर मजकूर की भेटवस्तू किंवा कूपन शोधू नका, आतल्या तंबाखूची किंमतच त्याला परवानगी देत नाही. इतर ब्रँड कूपनं वाटत असताना हे लिहिणं धाडसाचं होतं.

१४. सिगारेटच्या जाहिरातीत डॉक्टरांचा आकडा दिसतो. तो खरा आहे का?

१९३० मधली लकी स्ट्राइकची जाहिरात: '२०,६७९ डॉक्टर म्हणतात की लकी कमी खवखवते'. खाली हिशेब तपासनीसांची सही. तपासनीसांनी तपासली ती उत्तरांची मोजणी, सिगारेट नव्हे. डॉक्टरांना आधी सिगारेटींची खोकी भेट पाठवून मग प्रश्न विचारले होते. आकडा मोजून खरा, पण त्यावरून सिगारेट घशाला सुरक्षित आहे असं काहीच सिद्ध होत नाही. याच कंपनीनं १९२८ मध्ये 'गोडाऐवजी लकी घ्या' असं बायकांना सांगितलं होतं. या जाहिराती वाचून जे ओढू लागले त्यांच्या फुप्फुसांनी किंमत मोजली, आणि धूम्रपानानं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सांगणारा अमेरिकी सरकारी शल्यप्रमुखांचा अहवाल यायला ११ जानेवारी १९६४ उजाडावा लागला. सुंदर छपाई बघताना मला हे विसरता येत नाही.

१५. तंबाखू सोडवणारी औषधंही त्याच पानावर असत का?

हो. १८९० च्या दशकातलं 'नो-टू-बॅक' सर्वांत गाजलेलं. 'थुंकत आणि धूर काढत आयुष्य घालवू नका' हा त्याचा मथळा. विकणारी स्टर्लिंग रेमेडी कंपनी 'कॅस्करेट्स' हे रेचकही विके. यावरून एवढं मात्र ठामपणे कळतं की तंबाखूची सवय सुटत नाही हे १९०० च्या आधी सामान्य वाचकाला माहीत होतं.

१६. कोंबड्यांना तंबाखू दिल्याचं वाचलं. चुकीचं भाषांतर झालंय का?

नाही, बरोबर वाचलंत. तंबाखू आणि कोंबडी इथं खरोखर एकत्र येतात.

केंटकीतल्या लुइव्हिलची टोबॅको बाय-प्रॉडक्ट्स अँड केमिकल कंपनी तंबाखूच्या देठांतून आणि कचऱ्यातून निकोटीन काढून 'ब्लॅक लीफ ४०' विके. त्यात निकोटीन सल्फेट ४० टक्के. फळबागेत माव्यावर फवारायला आणि खुराड्यात उवांवर. संध्याकाळी कोंबड्या बसायच्या आधी दांड्यांच्या वरच्या बाजूला त्याचा पातळ पट्टा ओढायचा. रात्री अंगाच्या उबेनं निकोटीनची वाफ पिसांत शिरते आणि उवा मरतात. लिखा मात्र मरत नाहीत, म्हणून साधारण दहा दिवसांनी पुन्हा ओढायचा. प्रत्येक कोंबडी पकडून पूड चोळण्याचा त्रास वाचला, त्यामुळे हे लोकांना फार आवडलं. पुडीच्या उलट, हे औषध खरोखर काम करत होतं.

दुसरा वापर पोटातल्या जंतांवर. वाटलेली तंबाखू खाद्यात वजनाच्या दोन टक्के मिसळून तीन-चार आठवडे देत, गोल जंतांसाठी. हा सल्ला सरकारी पत्रकांतही होता.

भारतातही विडीच्या तंबाखूच्या टाकाऊ भागापासून निकोटीन सल्फेट काढून ते परदेशी पाठवलं जात होतं.

१७. आमच्या जुन्या शेडमध्ये अशीच बाटली सापडली. माझ्या गावठी कोंबड्यांसाठी वापरू का?

अजिबात नको, आणि उघडूही नका. निकोटीन सल्फेट कातडीतूनही शरीरात जातं आणि थोड्या मात्रेत माणूस मरतो. हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, ती घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. मोकळी बाटली संग्रहासाठी हवी असली तरी धुण्याच्या फंदात पडू नका. उवांसाठी पशुवैद्यांना विचारा.

१८. कात्रणावर तारीख नाही. जाहिरात कधीची ते कसं ओळखू?

आधी पाठची बाजू वाचा. बाजारभाव, निवडणूक, नाटकाची वेळ, काहीतरी सापडतंच. मग पुढच्या बाजूला या खुणा शोधा.

आधीच छापून आलेल्या पानाच्या तळाशी, जाहिरातींच्या रांगेत, 'डब्ल्यू. एन. यू., शिकागो, नं. १२-१९१४' अशी बारीक ओळ असते (डब्ल्यू. एन. यू. म्हणजे प्रश्न २ मधली वेस्टर्न न्यूजपेपर युनियन). हा आठवड्याचा क्रमांक आणि वर्ष. पुष्कळ जण ती कापून टाकतात. तसं करू नका, तीच सर्वांत मौल्यवान ओळ आहे.

'पार्सल पोस्टानं पाठवू' असेल तर १९१३ नंतरची. फ्रान्समधल्या सैनिकांसाठी तंबाखू निधीचं आवाहन असेल तर १९१७-१८. निळा गरुड (मंदीच्या काळातल्या सरकारी पुनरुत्थान योजनेची खूण) असेल तर १९३३ ते १९३५. शहराच्या नावापुढे टपाल विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक असेल तर १९४३ नंतरची.

एक फसवी खूण: प्रिन्स अल्बर्टच्या डबीवरचं '१९०७'. ती पेटंटची तारीख आहे आणि पुढे कित्येक दशकं तशीच छापली गेली. मला येणाऱ्या फोटोंपैकी 'एकोणीसशे सातची डबी' म्हणून आलेल्या बहुतेक डब्या त्यानंतरच्या असतात.

१९. तेव्हाचे २५ सेंट म्हणजे आजचे किती?

ढोबळमानानं १९१३ चा एक डॉलर म्हणजे आजचे तीस डॉलर. पण त्याहून चांगला मार्ग आहे: त्याच अंकातला अंड्यांचा भाव बघा आणि पुडा किती अंड्यांना पडला ते काढा. घरातली बाई तोच हिशेब करत होती.

२०. ऑनलाइन शोधताना ब्रँडचं नाव घातलं की काहीच मिळत नाही. का?

पानं यंत्रानं वाचलेली असतात आणि जाहिरातींचे नक्षीदार खिळे यंत्राला वाचता येत नाहीत. 'पॅन-अ-से-आ'सारखं तुटक नाव तर प्रत्येक पानावर वेगळंच वाचलं जातं. त्यामुळे नावाऐवजी लहान खिळ्यांतला मजकूर शोधा: कंपनीचं गाव, 'हेन्स ले', 'मनी बॅक'. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका', ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' हे तिन्ही फुकट आहेत. शोध ऑक्टोबर ते मार्च एवढाच ठेवलात तर पुडीच्या जाहिराती पटकन हाती लागतात (कारण प्रश्न ५ मध्ये).

२१. अशी जाहिरात मी पुस्तकात छापू शकतो का? आणि मोठी करून दुकानाच्या भिंतीवर लावू शकतो का?

पुस्तकाचं सोपं. अमेरिकेत छापून ९५ वर्षं झालेला मजकूर तिथं हक्कमुक्त आहे. त्यानंतरच्या जाहिरातीसाठी चौकशी करावी लागते.

भिंतीचं तसं नाही. कोंबड्यांच्या पुडीचं चित्र खुशाल लावा. तंबाखूचं मात्र थांबून विचार करा. भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं तंबाखूची थेट आणि आडवळणाची, दोन्ही प्रकारची जाहिरात बंद केली आहे. संग्रहालयात किंवा लेखात इतिहास म्हणून दाखवणं वेगळं, आणि जिथं सिगारेटी विकल्या जातात त्या काउंटरमागे चालू ब्रँडचं जुनं चित्र लावणं वेगळं. पानाच्या टपरीसाठी चित्र मागणाऱ्यांना मी ते पाठवत नाही. कॅमल आणि लकी स्ट्राइक हे ब्रँड अजून बाजारात आहेत.